आवाजात चालतं, अक्षरात नाही

गाण्याची फाइल असो वा अर्जाची, संगणकाच्या लेखी दोन्ही म्हणजे शून्य आणि एक यांची लांबलचक रांग. खरा फरक दिसतो तो फाइल लहान करताना.

सीडीच्या दर्जाचा आवाज साठवताना ध्वनिलहरीची उंची सेकंदाला 44,100 वेळा मोजतात. डाव्या आणि उजव्या बाजूची वेगवेगळी. प्रत्येक मोजमापाला 16 बिट, म्हणजे शून्य-एकाची 16 घरं. म्हणजे मिनिटाला सुमारे 10 एमबी. डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये सहसा हे सगळं जसंच्या तसं असतं. एमपीथ्री मात्र आपल्या कानाच्या मर्यादेचा फायदा घेते. तबल्यावर सणसणीत थाप पडली की त्या क्षणी तिच्या पट्टीच्या आसपासचे बारीक नाद आपल्याला ऐकूच येत नाहीत. मग ते एवढे काटेकोर कशाला साठवायचे? जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि सहकाऱ्यांनी याच तत्त्वावर काम केलं. 128 केबीपीएसची (सेकंदाला 128 हजार बिट वापरणारी) एमपीथ्री मिनिटाला 1 एमबीच्या आतच राहते. पण गेलेलं गेलंच. तिची पुन्हा डब्ल्यूएव्ही केली तर फाइल फुगते, नाद परत येत नाहीत. म्हणून आजीच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून जपायच्या असतील, तर मूळ प्रत फ्लॅकमध्येच ठेवा. फ्लॅकमध्ये फाइल लहान होते आणि काहीही गळत नाही.

दस्तऐवजात अशी सूट नाही. सातबाऱ्यावरचा एक आकडा गळला तर क्षेत्रच बदलेल! त्यामुळे तिथे फक्त पुनरावृत्ती आवळतात. वर्डच्या डॉक्सएक्स (.docx) फाइलची एक प्रत काढा, तिच्या नावातलं शेवटचं 'डॉक्सएक्स' खोडून 'झिप' (zip) लिहा आणि उघडून बघा. आत चक्क फोल्डर सापडतात, त्यातल्या एका एक्सएमएल (खुणा घातलेल्या साध्या मजकुराच्या) फाइलमध्ये तुमचा मजकूर, चित्रं वेगळी.

पीडीएफचं तंत्र आणखी निराळं. अ‍ॅडोबीने 1993 साली आणलेल्या या प्रकाराचा भर पान सगळीकडे सारखं दिसण्यावर आहे. मराठीत याची एक बाजू फार त्रासदायक ठरते. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना स्वतंत्र संकेत देणारी पद्धत. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये अक्षराचा आकार देवनागरी, पण साठवलेला संकेत रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा. फॉन्ट पीडीएफमध्येच असल्याने पान सुरेख दिसतं; मजकूर कॉपी केला की मात्र निरर्थक अक्षरं हाती येतात, आणि शोधलेला शब्द समोर असूनही सापडत नाही. स्मरणिका किंवा अहवाल छापायला देण्याआधी पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवून बघा. ती वाचता आली नाही, तर मूळ मजकूर युनिकोडमध्ये करून घ्या.