न उच्चारलेला ‘के’: छोट्या इंग्रजी शब्दांतल्या मुक्या अक्षरांची पार्श्वभूमी

‘के एन ई ई नी, नी म्हणजे गुडघा. के एन आय एफ ई नाइफ, नाइफ म्हणजे चाकू.’ मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळांतून हे सुरातलं पाठांतर अजूनही ऐकू येतं. राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीत सुरू व्हायचं. पोरं स्पेलिंग बिनचूक म्हणतात. पण एखादी चौकस पोरगी विचारतेच, की म्हणायचा नाही तर के लिहायचा कशाला? ‘इंग्रजी तसंच असतं, पाठ कर’ एवढ्यावर तिची बोळवण करणं मला पटत नाही, कारण त्या प्रश्नाला चांगलं उत्तर आहे.

जुन्या इंग्रजीत हा के स्पष्ट उच्चारला जायचा. गुडघ्याला लोक ‘क्नेओ’सारखं काहीतरी म्हणत. साधारण सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्लंडातल्या बोलण्यातून तो गळाला. तोवर छापखान्याला दोनशेहून अधिक वर्षं झाली होती. विल्यम कॅक्सटनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि खिळे जुळवणाऱ्यांच्या हाताला बसलेली स्पेलिंगं हळूहळू रुळत गेली. पुढे १७५५ मध्ये सॅम्युअल जॉन्सनचा शब्दकोश आला नि ती आणखी पक्की झाली. बोलणं बदललं, लिहिणं जागीच राहिलं. जर्मन माणूस मात्र आजही गुडघ्याला ‘क्नी’च म्हणतो.

हा के आपल्यालाही अनोळखी नाही. १७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एक असावं असं मांडलं, आणि १८२२ मध्ये याकोब ग्रिम यांनी इंग्रजी-जर्मन घराण्यातले ध्वनी कसे सरकले याचे नियम लावून दाखवले. त्या हिशेबाने जिथे संस्कृतात ज, तिथे इंग्रजीत बऱ्याचदा के सापडतो. ‘नी’ आणि जानु, म्हणजे आपल्या ‘आजानुबाहू’तला गुडघा. ‘किन’ म्हणजे नातलग, त्याच्या समोर जन. आणि ‘नो’, म्हणजे ठाऊक असणं, त्याच्या समोर ज्ञा. आपलं ‘जाणणं’ तिथूनच आलं. आपणही ‘ज्ञान’ लिहितो ज आणि ञ जोडून, पण तोंडाने म्हणतो ‘द्न्यान’. लिहिणं एक नि बोलणं एक, हा प्रकार आपल्या घरातही आहे.

‘टू’ म्हणजे दोन. त्यातला डब्ल्यू कुणी उच्चारत नाही. पुढे ‘ऊ’ आल्यामुळे तो त्यातच विरघळला. ‘हू’ या प्रश्नार्थक शब्दातही तेच झालं. पण जिथे पुढे वेगळा स्वर आहे, तिथे हा डब्ल्यू ठणठणीत आहे. ट्विन म्हणजे जुळं, ट्वाइस म्हणजे दोनदा, ट्वेंटी म्हणजे दोन दहा. ट्वेल्व्ह म्हणजे मुळात ‘दोन उरले’, दहा मोजून झाल्यावर. ट्वाइन म्हणजे दोन पदरी पिळलेला दोरा, आणि ट्विग म्हणजे डहाळी, फांदीला जिथे दोन फाटे फुटतात ती. ही सगळी भावंडं फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली, की टूचं स्पेलिंग घोकावं लागत नाही. त्या मुक्या डब्ल्यूचा आवाज ऐकायचाच असेल तर संस्कृतातलं ‘द्वि’ म्हणून पाहावं.

मराठवाड्यातल्या एका पिढीला हे कोडं पडलं नसतं. निजामाच्या राज्यात माध्यमिक शिक्षण उर्दूतून होतं. १९१८ साली स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचंच. उर्दू शिकणाऱ्या पोराला पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच ‘वाव-ए-मादूला’ भेटतो, म्हणजे मुका वाव (वाव हे उर्दूतलं ‘व’चं अक्षर). ख्वाब लिहायचं खे, वाव, अलिफ, बे असं, पण वाचायचं ‘खाब’, ख्वाहिशचंही तसंच. मधला वाव लिहायचा, म्हणायचा नाही. तो तिथे का, तर जुन्या फारसीत तो उच्चारात होता. संस्कृतातल्या ‘स्वप्न’मध्ये तोच व आजही खणखणीत ऐकू येतो, कारण ख्वाब आणि स्वप्न हे मुळात एकाच घरचे. उर्दू आणि इंग्रजी यांच्यामधला पूल बांधण्याचं मोठं काम झालंही औरंगाबादेतच. मौलवी अब्दुल हक यांच्या अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू या उर्दूच्या वाढीसाठी झटणाऱ्या संस्थेचं ठाणं बरीच वर्षं तिथे होतं आणि त्यांचा इंग्रजी-उर्दू शब्दकोश १९३७ साली तिथूनच छापून निघाला.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर मुलखाला मोकळा श्वास मिळाला, शाळांत मायबोली आली, आणि ते हक्काचंच होतं. पण उर्दूतून शिकलेले मास्तर निवृत्त होत गेले तशी मुक्या अक्षरांची ती सवयही वर्गातून निघून गेली, याची मला खरोखर हळहळ वाटते.

सगळीच मुकी अक्षरं मात्र अशी हरवलेल्या आवाजांची नसतात. ‘डेट’ म्हणजे कर्ज. यातला बी इंग्रजीत कधी बोललाच गेला नाही. शब्द फ्रेंचमधून आला तो बीशिवाय. पुढे विद्वानांना लॅटिन ‘डेबितुम’ आठवलं आणि त्यांनी बी मध्ये घातला. ‘डाउट’चंही तेच. ‘आयलंड’मधला एस तर निव्वळ गैरसमजातून आला: हा शब्द अस्सल जुना इंग्रजी, पण तो फ्रेंचमधून आलेल्या ‘आइल’वरून निघाला असेल असं वाटून त्याचा एस इथेही लावला गेला.