अधूनमधून येणारा विद्युत बिघाड (घरगुती उपकरणे)

घरगुती उपकरणात कायम न टिकता येऊन-जाऊन दिसणारा विद्युत दोष. घरी बंद पडलेले उपकरण मेकॅनिकच्या टेबलावर बिनतक्रार चालते, हे त्याचे ठळक लक्षण. मुळाशी बहुधा उष्णता, ओल किंवा हादरा असतो. त्यामुळे जाणता कारागीर पाना हाती घेण्याआधी बिघाड केव्हा येतो ते विचारतो आणि तीच स्थिती पुन्हा आणून पाहतो.

खानदेशात याचा हमखास नमुना म्हणजे कूलर. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, कूलर रात्रंदिवस चालतो. सकाळी फिरणारा पंखा दुपारी नुसता गुणगुणतो, पात्याला धक्का दिला की फिरतो. अशा वेळी संशय कपॅसिटरवर, म्हणजे मोटरला सुरुवातीचा जोर देणाऱ्या भागावर जातो. मात्र तो बदलण्याआधी कूलर चालू असतानाच सॉकेटवर व्होल्टेज मोजावे. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर तो जेमतेम ६० टक्के उरतो. कूलरच्या पत्र्याला झिणझिण्या येत असतील किंवा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) मधूनच पडत असेल, तर पंप तपासावा, तोही ओला असताना. वाळवलेला पंप मेगरवर (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरवर) निर्दोष ठरतो आणि टाकीत बुडाला की पुन्हा गळती सुरू. टाकीत हात घालण्यापूर्वी प्लग काढणे अर्थातच सक्तीचे.

वायर आतून तुटते ती प्लगच्या किंवा उपकरणाच्या तोंडाशी, जिथे ती सतत वाकते. तिथे हलवत मल्टीमीटरने कंटिन्युटी, म्हणजे वायर सलग आहे का ते पाहतात. पण मल्टीमीटरवर फार भिस्त ठेवू नये: तो नाममात्र करंट सोडतो, त्यामुळे तांब्याचा एकच धागा शाबूत असला तरी बीप देतो. तीच वायर इस्त्रीच्या लोडवर तापते. त्यापेक्षा लोड लावून व्होल्टेज किती पडते ते पाहणे खात्रीचे.

सलग शेंगदाण्याची चटणी वाटताना मिक्सर थांबला, तर तो बिघाड नव्हे. ओव्हरलोड स्विचने आपले काम केले. थंड झाल्यावर तळाचे बटण दाबावे.

अनेक उपकरणे एकदम लुकलुकत असतील, तर दोष उपकरणांत नसतो. डीपीवरचा (परिसराला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचा) न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, ढिला झाला, की एका घरात दिवे मंद आणि शेजारी भगभगीत होतात. व्होल्टेज ४०० च्या आसपासही चढू शकते. तेव्हा मेन स्विच पाडून लाइनमनला बोलवावे.