पाण्यातलं प्रतिबिंब: आम्ही जास्तीचे फोटो आणि मापं का मागतो

"फोटो मस्त आलाय, फक्त खाली पाणी दाखवा आणि त्यात आमचं प्रतिबिंब टाका." लग्नसराईत ही मागणी आमच्या फोटो एडिटिंगच्या काउंटरवर रोज होते. पाठोपाठ "फोटो उलटा करायचा नि खाली चिकटवायचा, पाच मिनिटांचं तर काम," हेही ऐकायला मिळतं. पाच मिनिटांत होतं, खोटं नाही. पण असा फोटो बघणाऱ्याला कुठेतरी खटकतो, आणि काय खटकतंय ते त्याला नेमकं सांगता येत नाही. ते काय असतं, हे ऑर्डर देण्याआधीच कळलेलं बरं, म्हणून हे पत्रक.

पाण्याखालचा कॅमेरा

कॅमेरा पाण्याच्या पातळीपासून जितका वर आहे, बरोबर तितकाच खाली दुसरा कॅमेरा धरलाय अशी कल्पना करा. त्या खालच्या कॅमेऱ्याला वर बघताना जे दिसेल, तेच आपल्याला पाण्यात दिसतं. म्हणजे छत्री असेल तर पाण्यात तिच्या आतल्या काड्या दिसतात. गोदावरीवरच्या होळकर पुलाचा वरचा कठडा दिसतो त्यापेक्षा कमानींची खालची बाजू जास्त दिसते. तुमच्या मूळ फोटोत ही खालची बाजू नसतेच. मग फोटो नुसता उलटा करून ती येणार कुठून?

गोदाघाटाचं उदाहरण घ्या. जोडपं काठापासून 3 मीटर मागे उभं आहे, काठाचा दगड पाण्याच्या 30 सेंटीमीटर वर आहे, आणि फोटोग्राफर पलीकडच्या बाजूने, त्या काठापासून 20 मीटरवरून, पाण्याच्या दीड मीटर वर कॅमेरा धरून फोटो काढतोय. या मापांत पाण्यातल्या जोडप्याचे पाय दिसतच नाहीत. तळव्यापासून साधारण 27 सेंटीमीटर, म्हणजे वीतभराहून थोडा जास्त भाग काठाच्या दगडाआड जातो. उलटा करून चिकटवलेल्या फोटोत मात्र बूट, पैंजण, शालूचे काठ सगळं पाण्यात हजर असतं. नजरेला हे आधी कळतं, डोक्याला नंतर.

मागच्या देवळांचंही तेच. याच मापात 15 मीटर उंचीचं शिखर 200 मीटर मागे असेल, तर फोटोत ते नवरदेवाच्या डोक्यावर उठून दिसेल. पाण्यात मात्र ते दिसतच नाही, काठाच्या दगडाआड पूर्ण दडतं. म्हणून आम्ही माणसं, काठ, मागची इमारत आणि डोंगर सुटे कापून वेगवेगळ्या लेयरवर ठेवतो आणि प्रत्येकाचं प्रतिबिंब वेगवेगळं सरकवतो. बिलात "लेयर कटिंग" असं लिहिलेलं असतं ते हेच.

सगळ्यात फसवं काम नदीत सोडलेल्या दिव्यांचं. उभं राहून खाली बघत काढलेल्या फोटोत तरंगत्या द्रोणातल्या ज्योतीचं प्रतिबिंब त्या द्रोणाच्या खाली सहसा दिसत नाही, कारण द्रोणाचा तळच मधे येतो. पाण्याला लागून, अगदी खालून फोटो काढला तर ज्योत दिसू शकते. तरी प्रत्येक दिव्याखाली एक उलटी ज्योत लावलेले फोटो दरवर्षी कार्तिकी पौर्णिमेला आपल्या व्हॉट्सअॅपवर फिरतात. आमच्याकडून गेलेला फोटो त्यात नसावा, एवढीच इच्छा.

एक चूक आमचीही सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत एका फोटोत आम्ही प्रतिबिंब "फ्लिप" करण्याऐवजी 180 अंशांत फिरवलं. फिरवलं की वर-खाली बदलतं तसं डावं-उजवंही बदलतं. नवरदेवाच्या फेट्याचा तुरा पाण्यात दुसऱ्याच बाजूला गेला. आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नाही, नवरीच्या आईने मात्र प्रिंट हातात घेताच बोट ठेवलं. तेव्हापासून पाण्याचं काम बाहेर जाण्याआधी आमच्याकडे दुसरा माणूस तुरा, घड्याळ, नथ आणि पदर तपासतो.

पाणी किती दाखवायचं

पाणी सगळीकडे सारखं चकाकत नाही. सरळ खाली बघितलं तर पृष्ठभागावर पडलेल्या प्रकाशातला जेमतेम 2 टक्के परत येतो, बाकीचा आत जातो, म्हणून त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्त कुंडात पायरीवर उभं राहिलं की पायाजवळचं पाणी आरशासारखं दिसत नाही. नजर पाण्याशी 10 अंशांचा कोन करू लागली की हे प्रमाण 35 टक्क्यांच्या आसपास जातं, आणि लांबवर पाणी अक्षरशः आरसा होतं. त्यामुळे प्रतिबिंब फोटोच्या खालच्या कडेकडे येताना फिकट व्हायला हवं. सगळीकडे सारखी "ओपॅसिटी", म्हणजे सारखाच गडदपणा, ठेवली की काच अंथरल्यासारखं वाटतं.

वारा असेल तर लाटांनी प्रतिबिंब उभ्या दिशेने ताणलं जातं. रात्री पुलावरच्या दिव्यांचे पाण्यात लांब पट्टे दिसतात ते यामुळेच. आडवं धूसर केलेलं प्रतिबिंब म्हणून खोटं वाटतं.

पावसाळ्यातली गोदावरी हा वेगळाच मामला. गढूळ पाण्याला स्वतःचा रंग असतो, म्हणून काळ्या शेरवानीचं प्रतिबिंब काळं दिसत नाही, मातकट दिसतं. नितळ पाण्यावर माणसाची सावली नीट उमटत नाही, गढूळ पाण्यावर उमटते. जुलैच्या फोटोत गंगापूर धरणाच्या जानेवारीतल्या पाण्यासारखं निळं, काचेसारखं प्रतिबिंब हवं असेल, तर तुमच्या मागचं आभाळ आणि ऊनही बदलावं लागेल. खर्च वाढतो तो तिथे. आमचं प्रामाणिक मत विचाराल तर मातकट पाणी तसंच ठेवा, ते सुंदर दिसतं.

भांडी, चांदी, काच

भांडी बाजार आणि सराफ बाजारातल्या दुकानदारांसाठी थोडं वेगळं. तांबं, पितळ आणि सोनं प्रतिबिंबाला आपला रंग देतात. तांब्याच्या कळशीत पांढरा सदराही तांबूस दिसतो. चांदी जवळजवळ रंग न बदलता परत देते. म्हणून कळशीवर शुद्ध पांढरी चमक रंगवली की ती प्लास्टिकची वाटायला लागते.

कळशीच्या पोटात सगळी खोली मावते: खिडकी, ट्यूबलाइट, गल्ला आणि मोबाइल धरलेले तुम्ही. तुम्हाला काढून टाकणं सोपं आहे, पण त्या जागी काय भरायचं हे आम्हाला कळत नाही. तेव्हा मोबाइल स्टँडवर ठेवून, टायमर लावून बाजूला व्हा आणि आणखी एक फोटो काढा. भांड्याच्या दोन्ही बाजूंना पांढरा पुठ्ठा उभा केलात तर आमचं निम्मं काम तिथेच होईल. नुसती पार्श्वभूमी बदलायला सांगणाऱ्यांनीही लक्षात घ्यावं: मागे वाड्याचा दरवाजा लावला आणि समईत अजून दुकानाचं शटर दिसत राहिलं, तर सगळं वाया.

वस्तू आरशावर ठेवून फोटो हवा असेल तर घरच्या आरशाला नख टेकवून बघा. नख आणि त्याचं प्रतिबिंब यांच्यात फट दिसते, कारण चकाकणारा थर काचेच्या मागच्या बाजूला असतो. साध्या काचेवर दोन फिकट प्रतिबिंबं एकमेकांना लागून पडतात, एक वरच्या पृष्ठभागाचं आणि एक खालच्या. पॉलिश केलेल्या काळ्या ग्रॅनाइटवर फट नसते. कुठल्या पृष्ठभागावर वस्तू ठेवलेली दाखवायची ते आधीच ठरवा.

चष्म्यावरची चमक काढता येते, पण तिने डोळा झाकला असेल तर त्याच माणसाचा दुसरा फोटो लागतो. कौटुंबिक फोटोत गैरहजर आजी बसवायची असेल तर तिचा असा फोटो शोधा, ज्यात बुबुळावरचा प्रकाशाचा ठिपका इतरांच्या डोळ्यांत आहे त्याच बाजूला असेल. सगळ्यांचा ठिपका घड्याळातल्या दहाच्या जागी आणि आजीचा दोनच्या जागी असला, की आजी दुसऱ्याच खोलीत बसलेली वाटते.

आम्ही काय करत नाही

विम्याच्या दाव्यासाठीचे, कोर्टात द्यायचे किंवा स्पर्धेला पाठवायचे फोटो आम्ही असे बदलून देत नाही. प्लॉटच्या जाहिरातीत नसलेलं तळंही नाही. यावर घासाघीस करू नये.

येताना काय आणावं

फोटो नेमका कुठून काढला, कॅमेरा छातीच्या उंचीवर होता की गुडघ्याच्या, आणि माणसं काठापासून किती पावलं मागे होती, एवढं सांगता आलं तरी पुरे. त्याच जागेचा माणसांशिवायचा एक फोटो आणि पाण्याजवळ बसून खालून काढलेला एक फोटो असेल तर फार उपयोग होतो. फोटोग्राफरने लेन्सवर पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) लावला असेल तर तेही सांगा. पाण्याकडे साधारण 37 अंशांच्या कोनातून बघताना तो प्रतिबिंब जवळजवळ पुसून टाकतो, आणि मग खरं असलेलंही आम्हाला नव्याने बनवावं लागतं.

फाइल व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका, ती दबून लहान होते. "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर आणा. पेनड्राइव्हवर नाव लिहिलेलं असू द्या. आमच्या ड्रॉवरमध्ये बिननावाचे बरेच पडून आहेत.