मिठातलं आयोडीन तपासून घ्यायचंय? मग दुकानातच सांगा

पुण्यातल्या एका शाळेतल्या मुलांच्या काही आया मिठाची फोडलेली पिशवी घेऊन तपासणीसाठी गेल्या आणि तशाच परत आल्या. असं वारंवार होतं, म्हणून हे लिहितेय.

अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, 2006 मधल्या कलम 40 नुसार कोणताही खरेदीदार शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून (प्रयोगशाळेत अन्न तपासणारा सरकारने नेमलेला अधिकारी) तपासणी करून घेऊ शकतो. उत्पन्नाची अट नाही. अट एकच, आणि तिथेच सगळे अडतात: माल तपासायला देणार आहोत, हे खरेदी करतानाच दुकानदाराला सांगायला हवं. घरी आल्यावर शंका आली, तर पुन्हा दुकानात जाऊन नवी पिशवी घ्या.

नुसतं तोंडी सांगाल तर उद्या दुकानदार नाही म्हणेल. कागदावर दोन ओळी लिहा, तारीख आणि बॅच क्रमांक घाला, त्याची सही घ्या. नाही दिली तर सोबत आलेल्या व्यक्तीची घ्या. मिठाच्या पिशवीचं बिल कुणी मागत नाही; तुम्ही मागा. एकाच बॅचच्या चार सीलबंद पिशव्या घ्या, कारण कायद्यात नमुन्याचे चार भाग सांगितलेत. शुल्क किती आणि नमुना किती, हे प्रयोगशाळेत आधी विचारा. मीठ नापास ठरलं तर शुल्क परत मिळतं.

अहवाल वाचतानाही चूक होते. दुकानातल्या मिठात किमान 15 पीपीएम, म्हणजे किलोमागे 15 मिलिग्रॅम, आयोडीन हवं. 18 आलं तर मीठ पास आहे. कारखान्यातली मर्यादा जास्त असते, ती इथे लावू नका. घरी आयोडीन तपासायच्या किटवर निळा रंग आला, तरी तो पुरावा ठरत नाही.

शाळेच्या पोषण आहाराच्या मिठाचे खरेदीदार तुम्ही नाही, त्यामुळे इथे कलम 40 चालणार नाही. अन्न व औषध प्रशासनाच्या पुणे कार्यालयात लेखी तक्रार द्या, नमुना अन्न सुरक्षा अधिकारी घेतील. पोच घेतल्याशिवाय निघू नका. ‘नंतर या’ म्हटलं तरी थांबा.

घरात गरोदर बाई असेल तर अहवालाची वाट बघू नका. तिला रोज 250 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं आणि 15 पीपीएमच्या पाच ग्रॅम मिठातून जेमतेम 75 मिळतं. त्यात शिजवतानाही थोडं जातं. बाळाच्या मेंदूची वाढ यावर अवलंबून आहे. मिठाचं प्रमाण वाढवू नका, घरात सुटं मीठ असेल तर मात्र आजच बदला, आयोडीनयुक्त सीलबंद मीठ आणा.