घरकुलाच्या छतावरचे ऊन

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर धरलेले आहे, आणि २०१६ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपये अनुदान ठरले. एवढ्या पैशांत चार भिंती उभ्या राहून वर स्लॅब पडला की घर झाले, असे बहुतेक जण मानतात. त्यात वावगे काही नाही. पदरची भर घातल्याशिवाय तेवढेही होत नाही. मात्र विदर्भ-मराठवाड्यातील अशा घरात ज्याने मे महिन्याची दुपार काढली आहे, त्याला घर वरूनच तापते हे सांगावे लागत नाही. म्हणून छोट्या एकमजली घरात उन्हाळ्यासाठी जो काही जादा पैसा खर्च करायचा, तो आधी छतावर करावा. फरशी, रंग आणि नक्षीदार दरवाजा यांचा क्रम त्यानंतरचा.

नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि तेथे मेच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. त्या काळात मध्यान्हीचे ऊन भिंतींना केवळ घासून जाते आणि छतावर मात्र सरळ पडते. निरभ्र दुपारी दर चौरस मीटरला सुमारे एक किलोवॅट इतकी सौरऊर्जा मिळते, तर उन्हाळ्यातील पूर्ण दिवसाचा हिशेब सहा ते सात युनिटपर्यंत जातो. पंचवीस चौरस मीटरच्या छतावर दिवसाकाठी दीडशे युनिटांहून अधिक ऊर्जा ओतली जाते, असा याचा अर्थ. तिच्यातील काही भाग परावर्तित होतो, बराचसा वाऱ्याबरोबर आणि आकाशाकडे निघून जातो; पण उरलेला थोडा हिस्सादेखील दोन खोल्यांचे घर असह्य करायला पुरेसा असतो. बहुमजली इमारतीत हा त्रास केवळ वरच्या मजल्याला होतो, घरकुलात मात्र वरचा मजला आणि तळमजला एकच असतो.

स्लॅबची जाडी बहुधा साडेचार-पाच इंच असते. काँक्रीटमधून उष्णता बऱ्यापैकी सहज वाहते आणि त्यात साठूनही राहते, त्यामुळे दुपारी वरच्या बाजूला लागलेली धग खालच्या पृष्ठभागावर काही तास उशिरा, म्हणजे दिवस कलताना पोचते. बाहेर वारा सुटलेला असतो आणि घरात मात्र उकाडा वाढत जातो, याचे कारण हेच. तापलेला स्लॅब अवरक्त किरणांच्या रूपाने थेट खालच्या माणसांवर उष्णता टाकत राहतो. पंखा हवा हलवतो, घाम वाळवतो, पण हे किरण अडवू शकत नाही. उलट त्याच स्लॅबवर रात्री अंथरूण टाकले तर कोरड्या, निरभ्र आकाशाकडे उष्णता निघून जात असल्याने पहाटेपर्यंत पांघरूण लागते. गच्चीवर झोपण्याची आपली सवय भौतिकशास्त्राला धरूनच आहे.

पत्र्याची तऱ्हा निराळी. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा उष्णता साठवत नाही. ऊन पडले की तापतो, मावळले की निवतो. नवा चकचकीत पत्रा उन्हाचा बराच भाग परतवतो आणि खालच्या बाजूने किरणही कमी सोडतो, पण गंज चढला की हे दोन्ही गुण जातात, म्हणून जुन्या पत्र्याखाली जास्त होरपळते. विदर्भात पत्र्यावर तुराट्या-पऱ्हाट्यांचा थर टाकतात तो उत्तम उपाय आहे. चिंता आगीची आणि विंचवाकाट्याची. त्याऐवजी पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून बांबूचे तट्टे बांधावे आणि दोन्ही टोकांना फट ठेवावी. मधली तापलेली हवा आपोआप बाहेर पडते आणि माणसाच्या डोक्यावर तापलेला पत्रा न राहता तुलनेने गार तट्टा येतो.

लातूर, धाराशिव, सोलापूर या भागांत पूर्वी याचे उत्तर माळवद हे होते. लाकडी तुळया, त्यांवर किलचन म्हणजे आडव्या लाकडी पट्ट्या, त्यावर गवतकाडी आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. मातीचा फूटभर थर उन्हाची लाट आत पोचेपर्यंत रात्र करतो आणि तोवर ती क्षीणही होते; छतातील साण्यातून उजेड येतो, गरम हवा व धूर वर जातो. पण फूटभर मातीचे वजन दर चौरस मीटरला पाचशे किलोच्या घरात भरते, म्हणजे पंचवीस चौरस मीटरवर बारा टनांहून अधिक. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हे वजन झोपलेल्या माणसांवर आले. भिंती दोन पदरी दगडांच्या आणि मातीत रचलेल्या होत्या, दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड त्यांत फारसे नव्हते; हादऱ्याने पदर सुटले आणि छप्पर खाली बसले. सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यानंतर लोकांनी दगड-मातीवर विश्वास ठेवू नये, हे समजण्यासारखे आहे, आणि माळवद जसेच्या तसे पुन्हा बांधा असे सांगणे हा निव्वळ बेजबाबदारपणा ठरेल. परंतु माळवदाचा गारवा वजनाशिवाय मिळवता येतो का, हा प्रश्न त्यामुळे संपत नाही.

त्याचे एक उत्तर केरळमध्ये वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी रुळवले. १९१७ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे जन्मलेले बेकर गांधीजींना भेटले, कुष्ठरोग्यांच्या कामासाठी भारतात आले आणि पुढे तिरुवनंतपुरममध्ये आयुष्यभर स्वस्त घरे बांधत राहिले. त्यांच्या फिलर स्लॅबमागील विचार साधा आहे. स्लॅब भाराने किंचित वाकतो तेव्हा त्याचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. काँक्रीट दाब चांगला सोसते, ताण मात्र सोसत नाही. तो सळ्या घेतात. मग खालच्या भागात सळ्यांच्या मधल्या चौकटींतले काँक्रीट ओझ्यापलीकडे काय करते? फारसे काही नाही. तेथे दोन मंगलोरी कौले एकावर एक ठेवून काँक्रीट ओतले की सिमेंट वाचते, वजन घटते आणि कौलांमध्ये कोंडलेली हवा उष्णतेला अडसर घालते. सळ्यांचे अंतर अभियंत्याकडून काढून घ्यावे लागते आणि गवंड्याला एकदा समजावून सांगावे लागते. खरी अडचण खर्चाची नसून या दोन गोष्टींचीच असते.

भिंतींचे काम त्या मानाने सोपे आहे. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन पूर्व-पश्चिम भिंतींवर पडते आणि छज्जा ते अडवू शकत नाही, म्हणून घराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, आखूड भिंती त्या दिशांना द्याव्या आणि पश्चिमेला न्हाणीघर किंवा झाड असावे. खिडक्या समोरासमोर हव्या. विदर्भात त्या सकाळी नऊपासून बंद आणि रात्रभर उघड्या ठेवणे लाभाचे. कोकणात हवा दमट असल्याने दिवसरात्र वारा खेळता हवा. रात्री खिडकी उघडी राहत नाही ती बहुधा डासांमुळे, तेव्हा जाळीचा खर्च हाही उन्हाळ्याचाच खर्च समजावा.

आणि ज्यांचा साधा स्लॅब आधीच पडला आहे, त्यांचे काय? गावोगावी घरकुलांच्या कोपऱ्यांतून सळ्या वर आलेल्या दिसतात. पुढे-मागे मजला चढवायचा म्हणून वर विटांच्या तुकड्यांचा कोबा टाकला जात नाही, आणि तो मजला वीस वर्षेही चढत नाही. अशा छतासाठी चुना आहे. करडे काँक्रीट दोन-तृतीयांश ऊन गिळते, तर ताजा चुना तीन-चतुर्थांशाच्या आसपास ऊन परत पाठवतो. कळीचा चुना रात्रभर भिजवून गाळावा, थोडा डिंक घालावा, छत झाडून ओले करावे आणि ऊन उतरल्यावर दोन पातळ हात द्यावे. भर दुपारी दिलेला हात भुकटी होऊन उडतो, कारण विरलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो आणि त्या क्रियेला ओल लागते. म्हणून दुसऱ्या दिवशीही सकाळी-संध्याकाळी हलके पाणी शिंपडावे. पावसाने आणि धुळीने ही पांढरी साय वर्षभरात उतरते, त्यामुळे दर फाल्गुनात, होळीच्या आगेमागे, हे काम पुन्हा करावे लागते.