ल्यों महानगर

ल्यों महानगर : फ्रान्समधील ल्यों शहर व त्याची उपनगरे यांचा एकत्र कारभार पाहणारी लोकनियुक्त संस्था. क्षेत्रफळ सुमारे ५३४ चौ. किमी.; लोकसंख्या सुमारे १४ लाख. तीत ५८ कम्यून (नगरपालिका) आहेत. पूर्वी ५९ होते, २०२४ च्या आरंभी दोन एक झाले.

संस्थेचा उगम केव्हापासून धरावा, हे तितकेसे स्पष्ट नाही. १८५२ मध्ये ला गियोतिएर, क्र्वा-रूस व व्हेज ही उपनगरे ल्योंमध्ये विलीन झाली, तेव्हापासूनही धरता येईल. मात्र ते विलीनीकरण बंडखोर शहर ताब्यात ठेवण्यासाठी होते. त्यासरशी ल्योंचे महापौरपदच गेले व कारभार प्रीफेकडे (केंद्र सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) आला. त्यामुळे १९६६ च्या कायद्याला आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. या कायद्याने बॉर्दो, लील, स्ट्रासबुर्ग व ल्यों येथे नागरी समुदाय (शहर व उपनगरांतील कम्यूनांच्या सहकारी संस्था) स्थापण्यात आले. ल्योंचा समुदाय १९६९ मध्ये कार्यान्वित झाला. तोही पॅरिसने (केंद्र सरकारने) लादलेलाच. त्याचा प्रदेश एकाच देपार्तमाँत (जिल्ह्यात) यावा, म्हणून ईझेर व एँ या शेजारच्या देपार्तमाँमधील काही कम्यून तोडून ल्यों ज्यात होते त्या ऱ्होन देपार्तमाँला जोडले गेले.

आजची रचना ल्योंचे महापौर जेरार कोलों व ऱ्होन परिषदेचे अध्यक्ष मिशेल मेर्सिये यांनी २०१२ मध्ये केलेल्या समझोत्यातून आली. २०१४ च्या कायद्यानुसार १ जानेवारी २०१५ पासून महानगराला आपल्या हद्दीत देपार्तमाँचेही अधिकार मिळाले. मार्सेय व पॅरिस येथील महानगरे कम्यूनांच्या सहकारी संस्थाच राहिली, ल्योंला मात्र स्वतंत्र स्थानिक शासनाचा दर्जा आहे.

रस्ते, पाणी, कचरा, नगररचना यांबरोबर निर्वाह भत्ता व बालसंरक्षणही महानगराकडे आहे. प्राथमिक शाळेची इमारत कम्यूनची, माध्यमिक कोलेजची महानगराची आणि त्यापुढील लिसेची प्रादेशिक परिषदेची. बांधकाम परवान्यावर सही कम्यूनच्या महापौराची. तो ज्या आराखड्यानुसार द्यायचा, तो आराखडा महानगराचा.

२०२० पासून महानगर परिषदेचे १५० सदस्य १४ मतदारसंघांतून थेट निवडले जातात. नगरपालिकेचे मतदानही त्याच दिवशी होते. मतदारसंघ मोठे असल्याने अनेक लहान कम्यूनांचा स्वतःचा सदस्य परिषदेत नसतो. कम्यूनांच्या महापौरांची तक्रार मुख्यतः हीच. त्यांच्यासाठी असलेली महापौरांची वेगळी सभा केवळ सल्ला देते.

महानगराबाहेर उरलेल्या ऱ्होन देपार्तमाँची परिषद अजूनही ल्योंमध्ये, म्हणजे स्वतःच्या अधिकारक्षेत्राबाहेर भरते.