पावकी ते औटकी: अपूर्णांकांचे पाढे आले कुठून?

शेकडेवारी आली की बरीच मुलं अडखळतात. 360चे 75 टक्के काढायला सांगा, लगेच कागदावर गुणाकार सुरू होतो. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर शिकलेल्या पोराने 360ची पाऊणपट, म्हणजे 270, तोंडी सांगितली असती. त्याला बे ते तीसच्या पाढ्यांसोबत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीही पाठ असे. संध्याकाळी दिवा लागला की घरी परवचा म्हणताना तीच उजळणी होई.

हे पाढे बाजाराने घडवले. रुपयाचे आणे सोळा. त्याच्या निम्मी अधेली, तिच्या निम्मी पावली, तिच्याही निम्मी चवली. शेराचा अच्छेर, अच्छेराचा पावशेर. सगळी मापं निम्म्या-निम्म्याने उतरत गेलेली, त्यामुळे पाव, अर्धा, पाऊण हेच रोजचे आकडे होते. शेराचे छटाकही सोळाच. म्हणून तीन रुपये शेर भावाने छटाकाला तीन आणे पडत, भागाकार करावाच लागत नसे. मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं: अपूर्णांक मुलाच्या हातात नाणं म्हणून आधी येई, पाटीवर नंतर.

औट म्हणजे साडेतीन. संस्कृत ‘अर्धचतुर्थ’, म्हणजे चौथा अर्धा, प्राकृतात ‘अद्धुट्ठ’ झाला आणि मराठीत औट. ‘अर्धतृतीय’ वरून अडीचही असाच आला. सातांना औटाने गुणलं की साडेचोवीस, आणि औटकी येणारा ते न थांबता सांगे.

1 एप्रिल 1957 रोजी रुपयाचे 100 नये पैसे झाले. मेट्रिक वजनंही त्याच सुमारास आली. हिशेब दहाच्या पटीत गेला, गुणाकार सोपा झाला, आणि शाळेतून हे पाढे हळूहळू सुटले. दशमान पद्धत आली ते योग्यच झालं. पण तिच्यासोबत पाऊणकी-सवायकीही टाकून द्यायची गरज नव्हती, कारण 25, 50, 75, 125 आणि 150 टक्के म्हणजे पाव, निम्मे, पाऊणपट, सव्वापट आणि दीडपटच.

औट आता ‘औट घटकेचा राजा’ एवढ्यापुरता उरला आहे. पावशेर मात्र टिकला. जुना ऐंशी तोळ्यांचा शेर सुमारे 933 ग्रॅमचा, म्हणजे त्याचा पाव 233च्या आसपास. आज भाजीवाल्याकडे पावशेर मिरच्या मागितल्या की तो काट्यावर अडीचशे ग्रॅम भरतो.